भुताचं धुतलेलं पातळ

सगळ्यात आधी मावशीचं सांगते. भांडुपच्या खाजणाकाठी, खाडीच्या दलदलीपाशी राहणारी, नवऱ्याच्या जाळ्यांना झाडाच्या सालीचा रंग देणारी, ओहोटीला चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले वेचणारी कोळीण. तिच्यामुळे माझी मुंबईतली नोकरी टिकली, आणि आज मी हे जे काही लिहायला बसले आहे त्याची सुरुवातही तिच्याच झोपडीसमोरच्या बांधावर झाली. गोष्ट सांगताना मी मध्येच भलतीकडे जाते, ही माझी खोड घरचेदारचे सगळे ओळखून आहेत. म्हणून उपकार करणारीचं आधी सांगून टाकलं. बाकीचं काही राहिलं तर राहिलं.

मी तळकोकणातली. शाळा चौथीत सुटली. कुणी काढलं नाही. आई गेली आणि घरात भाकरी थापायला दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि मग सगळ्यांनाच सवय झाली. पुढे वडीलही गेले. भावाचं लग्न झालं. वहिनी वाईट नव्हती, पण एका चुलीपुढे दोन बायका बसल्या की भांडी वाजतात. मी बावीस वर्षांची, लग्न जमत नव्हतं, आणि घाटकोपरला आत्याची एक खोली होती. मी मुंबईला जाते म्हटल्यावर वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "जा गो बाय. म्हयन्याभरात परत येतलंस. मुंबई काय तुझी वाट बघीत बसाक नाय."

बोटीत सगळ्यांना समुद्र लागला, मला ते वाक्य लागलं होतं. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हाही ते पोटात तसंच होतं.

आत्याच्या चाळीत एक शिंपी राहायचा. तो एका सिनेमा कंपनीचे कपडे शिवायचा. कंपनी म्हणजे घाटकोपरला लाकडाच्या वखारीमागची एक पत्र्याची शेड, एक जुनी लॉरी आणि दहा-बारा माणसं. तिथल्या नटीबाईंना कपडे सांभाळायला बाईच हवी होती, पुरुष नको. शिंप्याने माझं नाव घातलं. महिनाभर बघू, जमलं तर राहा, असं ठरलं.  महिनाभर हा शब्द वहिनीनेच इथपर्यंत पाठवला की काय, असं वाटलं.

आमची कंपनी दोनच प्रकारची चित्रं काढायची, खुनाची आणि भुताची. आणि दोन्हींत दलदल असायचीच, कारण महाल उभारायचा तर सुतार लागतो, झुंबर लागतं, दलदल देवाने तयार करून ठेवलेली. मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत खाडीच्या अंगाने खाऱ्या चिखलात वाढणारी तिवरंच तिवरं. तीच तिवरं एका चित्रात आसामचं जंगल झाली होती, दुसऱ्यात कुठलंसं निर्जन बेट. पलीकडे तुर्भ्याचा डोंगर दिसायचा, तो आधी चित्रात येऊ द्यायचे नाहीत. पुढे कोणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि तोच राक्षसाचा डोंगर झाला. ही चित्रं मोठ्या थिएटरांत लागत नसत. ती डब्यांत भरून गावोगावच्या जत्रांत तंबूंमध्ये जायची. आपल्या गावच्या जत्रेत ज्या चित्राला मी डोळ्यांवर पदर घेऊन बसले होते, ते अशाच कुठल्या शेडमधून आलं असणार, हे कळल्यावर मला उगाच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणत. ते खरोखरच आधी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. उंच, वाळलेले, तोंडात न पेटवलेली बिडी. कॅमेरा चालवणारे वयस्कर होते, त्यांना काका म्हणत. काकांनी मला पहिल्याच आठवड्यात एक चमत्कार दाखवला. आमची सगळी भुतं रात्रीची. पण रात्री दलदलीत दिवे लावायचे तर वीज आणायची कुठून? म्हणून काका भर दुपारी कॅमेऱ्याला लाल काच लावायचे. त्या काचेतून पाहिलं की निळं आभाळ काळं पडायचं आणि ऊन चांदण्यासारखं दिसायचं. मी डोळा लावून पाहिलं. घामाने माझी पाठ भिजली होती आणि समोर पौर्णिमेची रात्र पडली होती. मला इतकं हसू आलं की काका म्हणाले, "हस, पण काचेवर नको."

त्या उन्हातल्या रात्रीचे नियम मला शिकायला लागले. पांढरंशुभ्र पातळ चालत नाही. उन्हात ते इतकं पेटतं की आतलं माणूस दिसेनासं होतं. म्हणून भुताचं पातळ आणि पोलकं चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करायचं. चित्रात ते मग पांढरंच दिसतं. हे मी लक्षात ठेवलं. पण नियम पाठ असणं वेगळं आणि हाताची सवय वेगळी, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

आता त्या चित्राचं. एका नवीन सुनेला तिचा दीर इस्टेटीसाठी दलदलीत बुडवतो आणि ती भूत होऊन परत येते, एवढीच गोष्ट. शेवटचा प्रसंग असा की भूत तिवरांतून निघतं, चिखलातून चालत बांधापर्यंत येतं, बांध चढतं आणि दिराच्या समोर उभं राहतं. हा प्रसंग दोन दिवसांत घ्यायचा होता. पहिल्या दिवशी लांबून चालणं, दुसऱ्या दिवशी जवळून बांध चढणं आणि नटीबाईंचा चेहरा. कॅमेरा भाड्याचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत करायचा होता, त्यामुळे तिसरा दिवस नव्हताच. पातळही एकच होतं.

पहिल्या दिवशी नटीबाईंनी चिखलात चार पावलं टाकली आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या. दोघांनी ओढून काढलं तेव्हा एक चप्पल खाडीला गेली होती. त्या छत्रीखाली जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, चेहरा माझा घ्या, पाय दुसऱ्या कुणाचे घ्या. मास्तर डोक्याला हात लावून उभे होते. तेवढ्यात त्यांना लांबवर एक बाई दिसली. काष्टा घातलेली, कमरेला टोपली, चिखलावरून चाललेली. चाललेली कसली, सरकत होती. पाय वर येताना दिसतच नव्हते.

ती मावशी. तिला बोलावलं, पातळ नेसवलं, केस सोडले. पुढून चेहरा दिसायला नको म्हणून केस तोंडावर घेतले. आधी कॅमेरा समोर, लांबून, आणि मग मागून. मास्तर तिला समजावत होते की भुताचे पाय उलटे असतात. मावशीने त्यांचं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, चिखलात पाय दिसतात कुनाला? उलटे हायत समज नि घे."

ती निघाली. मागच्या ओहोळात भरतीचं पाणी नुकतं शिरत होतं, तिवरांच्या मुळ्या अर्ध्या बुडल्या होत्या, आणि त्या पाण्यातून ती बाई काही आवाज न करता आमच्याकडे येत होती. माझ्या अंगावर काटा आला. मीच नेसवलेलं पातळ, मीच सोडलेले केस, डोक्यावर बाराचं ऊन, तरी काटा आला. काका हळूच म्हणाले, झकास. नंतर मी मावशीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाय उपसायचा नाय, सारायचा. लहानपणापासून असंच चालते.

वाटेत एका तिवराच्या फांदीला पदर अडकून वीतभर फाटला. मास्तरांना तेही आवडलं.

संध्याकाळी ते पातळ माझ्या हातात आलं. काळा चिखल, फाटका पदर, खाडीचा वास. मी ते घाटकोपरला घेऊन आले आणि चाळीच्या नळावर बसले. का बसले, हे आज कुणी विचारलं तर सांगता येत नाही. मळकं लुगडं घरात ठेवून झोपू नये, असं आई म्हणायची. आणि नोकरीतल्या पहिल्या आठवड्यात नटीबाईंनी माझ्या धुण्याचं कौतुक केलं होतं, ते माझ्या डोक्यात गेलं असणार. महिना पुरा व्हायला चार दिवस होते. मला वाटलं, असं धुवावं की मास्तरांनी पाहत राहावं. मी दोनदा साबण लावला. नीळ घातली. भाताची पेज काढून खळ केली. पदर रफू केला, इतका बारीक की आत्याला चष्मा लावूनही सापडेना. सकाळी पितळी तांब्यात निखारे घालून पातळाला इस्त्री केली आणि घडी पांढऱ्या कापडात बांधून घेतली. त्या दिवशी संकष्टी होती. गणपतीला म्हटलं, आजचा दिवस नीट जाऊ दे.

लॉरीतून उतरून मी सरळ मावशीच्या झोपडीत गेले, कारण नेसवायचं तिथेच होतं. मास्तर आणि काका पुढे बांधावर कॅमेरा लावत होते. मी गाठ सोडली, घडी उलगडली. खळीने पातळ कडकड वाजलं. मावशी जाळ्यासाठी झाडाची साल उकळत होती, तिने मान वळवून पाहिलं, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि शांतपणे विचारलं, "ह्ये काय गो? भूत हलदी-कुकवाला चाललंय?"

तेव्हा मला कळलं. तोपर्यंत खरंच कळलं नव्हतं. काल लांबून आलेलं भूत मांडीपर्यंत चिखलाने माखलेलं, पदर फाटलेला. आज तेच भूत बांध चढणार तेव्हा ते इस्त्रीचं पातळ नेसून येणार. आणि लाल काचेसमोर ते पातळ दिव्यासारखं पेटणार. चहाचा रंगही मी धुऊन टाकला होता.  मला डोळ्यांसमोर ना मास्तर दिसले ना कॅमेरा. मला आमच्या घराचं दार दिसलं आणि दारात उभी वहिनी. तिला मला काही विचारावंही लागणार नव्हतं. मी खाली बसले आणि रडायला लागले.

मावशीने मला रडू दिलं, पण थोडंच. मग म्हणाली, "रडून चिखोल लागत नाय. ऊठ."

बाहेरून मास्तरांची हाक आली की बाराला सुरू करायचं आहे, कालच्यासारखं. घड्याळात अकराच्या पुढे काटा होता. मावशी हात पुसत बाहेर गेली. मी दाराच्या आडून ऐकत होते. तिने मास्तरांना विचारलं, बाराला कशाला? मास्तर म्हणाले, काल बाराला मागे जेवढं पाणी होतं तेवढंच आज हवं, नाहीतर चित्र जुळणार नाही. मावशी म्हणाली, "मग बाराला काय मिलनार? काल तीज व्हती, आज चौथ. दर्या रोज पाऊन तास मागं सरतो. कालचं बाराचं पानी आज पाऊन वाजता येल. तवर बस, बिडी पेटव."

मास्तर पाण्याकडे बघत राहिले. खरंच, ओहोळ पुरता कोरडा होता. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले सावली थोडी सरकेल, पण भुताच्या सावलीचा जाब कोण विचारतो. मास्तरांचं तरी मन मानेना, कॅमेरा परत करायचा, सूर्य उतरायचा, असं ते पुटपुटत राहिले. मावशी जाता जाता म्हणाली, लाल काच लावून रात करतोस ना, मग पान्यालाबी एक काच लाव. काका इतके हसले की मास्तरांना बसावंच लागलं.

ती काही खोटं बोलली नव्हती. भरती पाऊण तासाने मागे पडतेच. माझ्यासारखी समुद्राकाठची मुलगी, मलाही ते ठाऊक असायला हवं होतं. पण मी भीतीत असले की मला तिथीही आठवत नाही. आमच्या हातात सव्वा-दीड तास आला, एवढं खरं.

पहिल्यांदा खळ काढली. बांधामागच्या मिठागराच्या पाटात पातळ बुडवून दोघींनी पिळलं. मग रंग. चहा मावशीच्या डब्यात चिमूटभर होता, त्यात पातळ कसलं, रुमालही रंगला नसता. पण चुलीवर सालीचं पाणी तयार होतं. सुती जाळी खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून त्या पाण्यात बुडवतात, आणि जाळं लालसर तपकिरी होतं. तेवढं गडद भूत कुणी पाहिलं नसेल. मावशीने एक वाटी सालीचं पाणी मोठ्या घमेल्यात साध्या पाण्यात ओतलं. माझ्या बोचक्यात पोलकं होतं. ते काल चिखलात गेलं नव्हतं म्हणून मी धुतलं नव्हतं, आणि त्यावर चहाचा रंग जसाच्या तसा होता. देवाने तेवढी एक गोष्ट माझ्या हातून वाचवली होती. पदराचं टोक बुडवायचं, पोलक्याशेजारी धरायचं, अजून अर्धी वाटी, पुन्हा बुडवायचं. तिसऱ्या खेपेला टोक आणि पोलकं एकाच ताग्यातलं दिसायला लागलं. मग सगळं पातळ घातलं.

सुकवताना एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, मध्ये खाडीचा वारा. पातळ शिडासारखं फुगत होतं. वरचा भाग तरी कोरडा हवा होता, कारण काल चिखल मांडीपर्यंतच होता. तेवढ्या वेळात तिने मला माझं सगळं विचारून घेतलं. गाव कुठलं, आई कधी गेली, इथे कुणाकडे राहतेस, जेवलीस का. संकष्टी आहे म्हटल्यावर ती म्हणाली, सुके बोंबील भाजलेत, पण तुझा देव माझ्यावर रागावायचा. आणि त्या चिमूटभर चहाचा मला काळा चहा करून दिला. वहिनीचं वाक्यही मी तिला सांगितलं. तिने पातळ थोडं ताणून धरलं.

रफू मी दातांनी उसवलं. माझ्या हातचं एवढं सुबक काम मी स्वतःच उसवलं आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही, हे मला आठवतं.

राहिला चिखल. मी हातांनी लावायला निघाले, काल कुठे होता ते आठवत. डावीकडे जास्त की उजवीकडे? मला काही केल्या आठवेना. मावशी म्हणाली, तू लावलेला चिखल लावलेला दिसेल. तिने पातळ नेसून घेतलं, केस सोडले, आणि काल जिथून निघाली होती त्या तिवराकडे चालत गेली. तिथून ती कालच्याच वाटेने परत आली, कॅमेरा नसताना. ओहोळाच्या काठी काल तिचा डावा गुडघा टेकला होता, तिथे तो पुन्हा टेकला. पुढच्या मऊ जागेत उजवी मांडी रुतली होती, तिथे पुन्हा रुतली. हात कुठे पुसला होता तेही तिच्या हाताला माहीत होतं. बांधाशी येऊन ती उभी राहिली आणि माझ्या समोर कालचं भूत होतं.

पाऊण वाजता पाणी आलं. काकांनी डोळा लावला आणि म्हणाले, हां, तेच. मावशी बांध चढली. मग ते पातळ तसंच ओलं नटीबाईंना नेसवलं. त्या कुरकुरल्या, पण चिखल आयता मिळतोय म्हटल्यावर नेसल्या, आणि चेहरा त्यांनी असा काही दिला की त्या कुरकुरीचं मी कधीच मनावर घेतलं नाही. तीनच्या आत सगळं संपलं. कॅमेरा पेटीत गेला.

तेव्हा काका माझ्यापाशी आले आणि म्हणाले की पातळ छान सांभाळलंस, नवीन मुली हटकून गोंधळ घालतात.

तेवढं कौतुक त्यांनी केलं नसतं तर मी गप्प बसले असते. पण ते माझ्या घशाखाली उतरेना. मास्तर लॉरीकडे निघाले होते, मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मास्तर, मी काल पातळ धुतलं होतं."

"कुठलं पातळ?"

"भुताचं. नीळ घातली होती." मग राहवलं नाही, तेही सांगितलं. "खळ पण."

मागे मावशीने कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. ती पुटपुटली, तुला कुनी इचारलं व्हतं का गो?

मास्तर आधी पातळाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग मावशीकडे. मी सगळं सांगितलं, साल, पोलकं, कालची वाट. सांगताना मला वाटत होतं की बोटीचं तिकीट कधीचं मिळेल. मास्तरांनी तोंडातली बिडी काढली आणि विचारलं, "लिहिता येतं?"

"चौथीपर्यंत शिकलेय."

"चिखल लिहायला तेवढं पुरे."

लॉरीत त्यांची एक वही होती, ड्रॉइंगची, अर्धी कोरी. ती त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, आजपासून कोणी काय घातलंय, कुठे फाटलंय, कुठे डाग आहे, ते रोज सुटण्याआधी लिहायचं. ते एवढं बोलून लॉरीत चढले. महिन्याचं काही बोललेच नाहीत. चार दिवसांनी महिना भरला तेव्हाही कोणी काही बोललं नाही, आणि पाचव्या दिवशी मी नेहमीसारखी शेडवर गेले.

त्या वहीचं पहिलं पान माझ्यापाशी आहे. बारा-तेरा वर्षांनी पेन्सिल हातात धरली होती, अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे. 'भूत. पातळ पांढरं, सालीच्या पाण्यातलं. चिखल डावा गुडघा, उजवी मांडी. पदर फाटका एक वीत. धुऊ नये.' शेवटच्या दोन शब्दांखाली मी दोन रेघा ओढल्या आहेत. पुढे चौथ्या-पाचव्या पानापासून डागांच्या बरोबरीने दुसरंही काहीबाही यायला लागलं. त्या दिवशी वारा कसा होता, नटीबाई काय म्हणाल्या, मावशीने तिसऱ्यांचं कालवण दिलं. मास्तरांनी एकदा वही चाळली आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, डाग लक्षात राहावा म्हणून आजूबाजूचं लिहिते. ते हसले आणि पुढची वही त्यांनी जाड आणली.

ह्याला आता चौथं वर्ष चालू आहे. मी अजून त्याच शेडमध्ये आहे. अजूनही सकाळी पोटात गोळा येतो, आज काहीतरी चुकणार असं वाटतंच. पण तो गोळा आता जुन्या भाडेकरूसारखा झालाय, त्याचं तो राहतो, माझं मी काम करते. खाजणात गेलो की मावशीकडे जेवण ठरलेलं. संकष्टी असेल तर काळा चहा.

ते चित्र मुंबईत कुठेच लागलं नाही. डब्यात बसून ते जत्रांना गेलं. आणि गेल्या खेपेला माझ्या गावच्या जत्रेत, तंबूत लागलं. मला ते वहिनीच्या पत्रावरून कळलं. वहिनीला लिहिता येत नाही, पत्र शाळेच्या गुरुजींच्या हातचं, पण बोलणं तिचंच. तिने लिहिलं होतं की भूत बघून बायका चार दिवस एकटीने विहिरीवर गेल्या नाहीत, ती स्वतःही गेली नाही. भूत चालत नव्हतं, सरकत होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, "तुझां नाव पडद्यावर नव्हता, पण मी सगळ्यांका सांगलंय. फक्त एक इचारतंय. त्या भुताचा पातळ कितक्या घाण! तू कपड्यांवर आसस मां? कोणी धुऊक नाय काय?"

मी ते पत्र मावशीला वाचून दाखवलं. ती हसता हसता बांधावर आडवी झाली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली की तुझ्या वहिनीला माझी पाठ दिसली, मला काय ती दिसायची नाय. लोक घाबरतात एवढं काय हाय माझ्या पाठीत?

तिने कधी काही मागितलेलं नाही, आपलं चित्र बघायलाही मागितलं नव्हतं, नुसतं बोलून गेली. पण मी वहीत लिहून ठेवलं. डबे पुन्हा कोकणात फिरतीला जातील तेव्हा काका मला तारीख सांगणार आहेत. मावशीला मी विचारलंय, येशील का. गाडीने म्हणाले असते तर ती आली नसती. बोटीने जायचं म्हटल्यावर म्हणाली, दर्यातनंच ना, मग येते, पन बोट कोन चालवतो ते मला बघू दे.

तर मावशी, तुला मी घेऊन जाईन. आमच्या घरी उतरवीन, वहिनीच्या हातचं जेवायला घालीन, आणि तंबूत सगळ्यात पुढे सतरंजीवर बसवीन. तिवरांतून तू बाहेर आलीस, बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले, की मी उभी राहून सगळ्या तंबूला सांगेन की घाबरू नका, ती बघा इथे बसली आहे. आणि पातळ का धुतलं नाही, ते वहिनीला तूच सांग.